भिंत गेली, स्लॅब आला

कसारा लाईनवर शहाड सोडलं की आंबिवली. तिथून उल्हास नदीच्या अंगाने मोहन्याकडे चालत गेलं की भाऊवाटणीचे दोन नमुने दिसतात. जुन्या गावठाणात अजून टिकून असलेल्या एखाद्या कौलारू घराचं आढं एकच असतं, पण दारं दोन. अर्धी ओटी एका रंगाची, अर्धी दुसऱ्या. मधे माजघर चिरत गेलेली भिंत. हे भाऊ शेजारी-शेजारी राहिले. गावठाणाबाहेर पडलं की दुसरा नमुना: खाली थोरला, वर धाकटा, बाहेरून लोखंडी जिना, जिन्याखाली विजेचे दोन मीटर आणि शेजारी दोन पाट्या. हे भाऊ एकमेकांच्या डोक्यावर राहतात.

असं का झालं, याचं उत्तर कोणीही देईल: जागा महागली. ते खरं आहे, पण निम्मंच. उरलेलं निम्मं उत्तर सरकारी फायलींत आहे. दोन बिऱ्हाडांचं घर बांधायला कोणाची परवानगी लागते, या प्रश्नाचं उत्तर गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदललं, आणि प्रत्येक बदलाबरोबर भावांमधली उभी भिंत थोडी थोडी आडवी होत गेली.

सुरुवात गावठाणापासून. एकोणिसाव्या शतकात ठाणे जिल्ह्याची मोजणी झाली तेव्हा मोजणीदारांना शेतसारा हवा होता. शेतांना सर्वे नंबर मिळाले, बांध नोंदले गेले, जमिनीची प्रत ठरली. जिथे माणसं राहत होती तो तुकडा मात्र सरसकट एका रेषेत बांधून सोडून दिला, कारण तिथून सारा येणार नव्हता. त्या रेषेच्या आतल्या घरांना सातबारा नाही, तो आजही नाही. १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा आला आणि त्याच्या कलम ६५ ने शेतजमिनीवर शेतीखेरीज दुसरं काही करायचं तर कलेक्टरची मंजुरी घ्यायला लावली. आज ज्याला आपण ‘एनए’ म्हणतो त्याचा हा पणजोबा. शेतात घर बांधणं त्या दिवसापासून सरकारचं काम झालं. गावठाणात घर बांधणं मात्र भाऊबंदांचं आणि पंचांचंच राहिलं.

तिथली वाटणी सरस-निरस मानाने व्हायची. हा शब्द अजूनही दिवाणी दाव्यांत जसाच्या तसा येतो. एकाला रस्त्याकडची ओटी मिळाली तर दुसऱ्याला परसातली विहीर किंवा आंब्याचं झाड. एकाला जुनी चूल ठेवली तर दुसऱ्याने पडवीत नवी मांडायची. भिंत कुडाची असो की विटांची, ती घालायला नकाशा लागत नव्हता. माजघराच्या मधोमध सुतळी धरली की काम सुरू. आढं दोघांचं एकच राहायचं, म्हणून कौलं चाळायची वेळ आली की बोलणं बंद असलेले भाऊही एकाच शिडीवर चढायचे.

परवानगीची दुसरी शाखा मुंबईत उगवली, आणि तिचं बी प्लेगचं होतं. १८९६ साली प्लेग आला, माणसं पटापट मेली, आणि डॉक्टरांचं बोट अंधाऱ्या, कोंदट खोल्यांकडे गेलं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम रूढ केला. खिडकीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर पाहिलं तर आभाळ दिसलं पाहिजे, समोरची भिंत नाही. साध्या हिशेबात सांगायचं तर समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको. दोन घरांत किती अंतर सोडायचं, हा शेजाऱ्यांचा प्रश्न तिथून आरोग्याचा झाला आणि मग इंजिनियरचा. आज आपण ज्याला ‘सामासिक अंतर’ म्हणतो तो वंश इथून सुरू होतो. (आता उंच इमारतींना बाजूला सोडायचं अंतर उंचीच्या एक पंचमांशावर येऊन ठेपलंय. प्लेगच्या काळातल्या इंजिनियरने ते पाहून काय म्हटलं असतं, कोण जाणे.) १९१५ मध्ये मुंबई नगररचना कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला.

या सगळ्याचा मोहन्याशी बराच काळ काही संबंध नव्हता. १८५४ साली आगगाडी कल्याणपर्यंत आली, पण नदीकाठच्या या गावाला तिने फारसं हलवलं नाही. गाव हललं ते एनआरसीने. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन ही कंपनी १९४६ ची. रेयॉनला पाणी फार लागतं आणि उल्हास नदी दाराशी होती. कारखाना आला, बंधारा आला, कॉलनी आली, शिफ्टचा भोंगा आला. कॉलनीतली घरं कंपनीची होती. तिथे भाऊ वेगळे झाले तरी भिंत घालायचा प्रश्न नव्हता, कारण क्वार्टर नोकरीबरोबर मिळायचं आणि नोकरीबरोबर सुटायचं. कॉलनीत ज्यांना जागा मिळाली नाही ते मोहने, गाळेगाव, वडवली, अटाळी इथे भाड्याने राहिले. गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी खोल्या काढल्या. घरामागे पत्र्याची ओळ टाकायची, खोलीला एक दार आणि एक मोरी, ओळीच्या टोकाला सामाईक नळ. त्यासाठी परवानगी लागते हे कोणाच्या मनात आलं असेल असं वाटत नाही. मनात होती ती १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याची भीती: एकदा आत आलेला भाडेकरू बाहेर निघणार नाही. म्हणून कित्येकांनी पावती द्यायचं टाळलं. कागदाविना राहायची सवय भाडेकरूला लागली तशी घरमालकालाही.

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात कलम ५२ आलं. त्याने पंचायतीच्या परवानगीविना घर बांधायला मनाई केली. ही बहुधा गावातली पहिली लेखी परवानगी. सरपंच ओळखीचा, ग्रामसेवक आठवड्यातून काही दिवस येणारा, आणि परवानगी म्हणजे फार तर दोन ओळींचा ठराव. हा साधा कागद पुढे किती महाग होणार होता, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मग १९६६ साल. या वर्षी महाराष्ट्राने दोन कायदे केले आणि दोन बिऱ्हाडांच्या घराचं नशीब त्या दोघांच्या मधे अडकलं. एक जमीन महसूल संहिता, जिने १८७९ ची एनएची अट कलम ४४ मध्ये पुढे चालवली. दुसरा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, ज्याला सगळे ‘एमआरटीपी’ म्हणतात. तो ११ जानेवारी १९६७ पासून लागू झाला. या कायद्यातली ‘विकास’ या संज्ञेची व्याख्या वाचण्यासारखी आहे. त्यात नवं बांधकाम येतं, जुन्यातला मोठा बदल येतो, जमिनीच्या वापरातला बदल येतो, आणि जमिनीचे तुकडे पाडणंही येतं. म्हणजे दोन भावांनी प्लॉटच्या मधोमध रेघ मारली, वीट एक लावली नाही, तरी कायद्याच्या लेखी त्यांनी विकास केला, आणि विकास म्हटला की परवानगी आली. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतजमिनीच्या बाबतीत असाच आडवा होता. आता घराच्या प्लॉटलाही पोटविभागणीची मंजुरी, प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र पोचरस्ता, प्रत्येकाची स्वतंत्र सामासिक अंतरं हे सगळं लागू झालं.

माझ्या मते खरी कलाटणी इथे आहे. उभी वाटणी म्हणजे पोटविभागणी, ती फाईलीत अडकते. आडवी वाटणी म्हणजे एकाच प्लॉटवर एकच इमारत, तिचे दोन मजले. प्लॉट अखंड, सातबारा अखंड, नकाशा एक. महसूल खात्याला भाऊ वेगळे झाल्याचं कळतही नाही. कोर्टातला वाटपाचा हुकूमनामा किंवा घरातलं वाटणीपत्र खरं असलं तरी नगररचना विभागावर ते बंधनकारक नसतं. त्यांच्या दृष्टीने तो भूखंड एकच राहतो. पंचांची सुतळी माजघरातून गेली असती, फाईलीने तीच वाटणी स्लॅबवर नेली.

१ ऑक्टोबर १९८३ ला कल्याण महानगरपालिका झाली. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, उल्हासनगर आणि ८१ गावं एका झोळीत आली. त्यातलं अंबरनाथ, उल्हासनगर पुढे बाहेर पडलं, २७ गावं कधी आत कधी बाहेर होत राहिली. मोहने आत आलं ते आतच राहिलं. परवानगी आता पंचायतीच्या चावडीतून कल्याणच्या नगररचना विभागात गेली.

तिथे जाणारा नकाशा एकदा नीट पाहण्यासारखा असतो. एकाच कागदावर घराचा भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य रंगांत मांडलेलं असतं. प्लॉटची हद्द जाड काळ्या रेघेने. आजचा रस्ता हिरवा, उद्याचा होणारा रस्ता हिरव्या ठिपक्यांचा. पाडायचं जुनं घर पिवळ्या तिरप्या रेघांनी. नवं बांधकाम भरीव लाल. सांडपाण्याची लाईन लाल ठिपक्यांची, पाण्याची काळ्या ठिपक्यांची. मोकळी जागा कोरी ठेवायची, तिला रंगच नाही. वाडवडिलांचं कौलारू घर या कागदावर पिवळ्या तिरप्या रेघांचा एक चौकोन होऊन राहतं. उजव्या कोपऱ्यात क्षेत्रफळाचा तक्ता आणि त्याखाली मालकांच्या सह्यांची जागा.

नकाशाबरोबर जोडायचे कागद तोंडपाठ असणारी माणसं मोहन्यात आजही मिळतील: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, भूमी अभिलेखची मोजणीची ‘क’ प्रत, झोन दाखला, विकास आराखड्याचा भाग नकाशा, कर भरल्याच्या पावत्या. मंजुरी मिळाली की बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. ते एका वर्षाचं असतं, नूतनीकरण करत चार वर्षांपर्यंत नेता येतं. मग जोत्यापर्यंत काम आलं की जोता तपासणी, आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. या शेवटच्या कागदापर्यंत पोचणारे फार थोडे. स्लॅब पडला, दरवाजे लागले, गणपती बसले की कल्याणला पुन्हा कोण जातो!

कायद्यात अर्जदाराच्या बाजूचीही एक तरतूद आहे. कलम ४५ प्रमाणे अर्ज पूर्ण असेल आणि ६० दिवसांत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं मानायचं. पण बांधकाम नियमांत तंतोतंत बसलं पाहिजे, ही मेख त्याच कलमात आहे. आणि अर्ज पूर्ण होता की नाही, हे ठरवणार कोण? ज्यांनी उत्तर दिलं नाही तेच.

आता हिशेब. समजा गावठाणाबाहेर दोन भावांचा १४० चौरस मीटरचा प्लॉट आहे. मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण) १.१०, म्हणजे १५४ चौरस मीटर. त्यावर अधिमूल्य भरून पूरक क्षेत्र ६० टक्क्यांपर्यंत, म्हणजे आणखी ९२ आणि थोडं. एकूण सुमारे २४६ चौरस मीटर. कागदावर दोन बिऱ्हाडांना भरपूर. पण पूर्वी हिशेबात न धरला जाणारा जिना आणि बाल्कनी आता त्यातच मोजतात, आणि चारी बाजूंची अंतरं सोडली की जोत्याची लांबी-रुंदी इतकी आखडते की त्या जोत्यावर मधे भिंत घालून दोन घरं बसवायची तर दोन्ही बोळांसारखी होतील. म्हणून पुन्हा स्लॅब.

या नियमांना कुटुंबं मोजता येत नाहीत, ते मोजतात चुली. ज्याला स्वतंत्र स्वयंपाकघर ती एक सदनिका, आणि सदनिकांच्या संख्येवर पार्किंग. म्हणजे एकाच ताटात जेवणारे दहाजण ही एक सदनिका, आणि वेगळं शिजवणारं नवं जोडपं ही दुसरी. ही मोजणी आपल्याला नवी नाही, शिधापत्रिकाही चुलीवरच वेगळी निघते. पार्किंग बसत नसेल तर वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर नकाशात ‘स्टोअर’ म्हणून उतरवायची वाट सगळ्यांना ठाऊक असते. पण जिन्याखालच्या सिलिंडरचा नळ त्या स्टोअरमध्ये कसा गेला, हे पाहायला कोणी येत नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न अगदी उलट्या अंगाने वाढला. तिथे जमीन होती, हरकत दुसऱ्या बिऱ्हाडालाच होती. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीने १९१६ मध्ये फक्त एका कुटुंबाच्या घरांचा पट्टा आखला. १९२६ मध्ये युक्लिड गावच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे पट्टे वैध ठरवले, आणि निकालपत्रात भाड्याच्या बहुमजली इमारतीला चक्क बांडगुळाच्या रांगेत बसवलं. गोऱ्या, सधन वस्त्यांत गरीब आणि काळी माणसं येऊ नयेत, हा हेतू नियमाच्या पोटात होता. जोडघर बांधायचं तर शेजाऱ्यांसमोर सुनावणीला उभं राहायचं, ही तिकडची रीत. ती मोडायला शतक लागलं: मिनिआपोलिसने २०१८ मध्ये, ओरेगन राज्याने २०१९ मध्ये एका-कुटुंबाच्या पट्ट्यांत दोन बिऱ्हाडांची घरं खुली केली. आपल्याकडे दुसऱ्या बिऱ्हाडाला कोणी हरकत घेतली नाही. आपल्याकडे शेजाऱ्याची तक्रार येते ती त्याच्या हद्दीत छज्जा आला म्हणून, आणि तीसुद्धा आधीचं भांडण असेल तरच.

इथवर पाहिली ती आपल्याकडच्या परवानगीची शाखा. तिच्या शेजारी वाढलेली बिनपरवानगीची शाखा जास्त जाड आहे. कल्याण-डोंबिवलीतल्या बेकायदा बांधकामांची चौकशी निवृत्त न्यायाधीश अग्यार यांच्या समितीने केली तेव्हा आकडा आला ६७,९२०. एवढ्या सगळ्यांना लबाड म्हणणं सोपं आहे. पण त्यात चाळमाफिया आहेत तशी भावाच्या लग्नाआधी वर दोन खोल्या चढवलेली माणसंही आहेत. नवी मुंबईच्या गावांत अशा घरांना ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. तिथले आगरी-कोळी ती मंजूर व्हावीत म्हणून वर्षानुवर्षं भांडले. गावठाणाची रेषा जुन्या मोजणीत गोठली, आतली माणसं चौपट झाली, तर बाकीच्यांनी जायचं कुठे, हा त्यांचा सवाल बिनतोड आहे.

महापालिकांनी या घरांशी एक विचित्र नातं जोडलंय. घर बेकायदा असलं तरी घरपट्टी लागते. महानगरपालिका कायद्याच्या कलम २६७-अ मध्ये बेकायदा बांधकामावर शास्ती आहे, ती मुळात मालमत्ता कराच्या दुप्पट होती. बिलावर छापलेलं असतं की कर घेतला म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजू नये. आणि तेच बिल माणूस प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो, कारण त्याच्यापाशी घराचा तेवढाच सरकारी कागद असतो.

जुना ग्रामपंचायतीचा ठराव इथेच महाग झाला. १९८३ च्या आधीची पंचायतीची परवानगी दाखवली की महापालिकेचे नियम टळतात, हे लक्षात आल्यावर या पट्ट्यात जुन्या तारखांचे दाखले निघू लागले. काहींचा कागद त्यांच्या तारखेहून फारच ताजा. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ६५ इमारतींचं प्रकरण. खुद्द महापालिकेच्या बांधकाम परवानग्याच बनावट, सह्या-शिक्क्यांसह. त्यांच्या जोरावर महारेराची नोंदणी मिळवली, नोंदणी बघून लोकांनी कर्ज काढून फ्लॅट घेतले. २०२४ च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडायचा आदेश दिला. दोन भावांचं घर महारेराच्या कक्षेत येत नाही, कारण आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला ती नोंदणी लागत नाही. त्यामुळे या भानगडीतून ते वाचलं. तो कायद्याचा शहाणपणा म्हणता येणार नाही, तो आकाराचा फायदा.

गेल्या काही वर्षांत मात्र वारा फिरलाय, हे मान्य केलं पाहिजे. महसूल संहितेत सुधारणा होऊन विकास आराखड्यात रहिवास पट्ट्यात असलेल्या जमिनीला वेगळ्या एनए आदेशाची गरज उरली नाही. गावठाणापासून २०० मीटरांच्या आतली जमीनही कर भरला की रहिवासासाठी अकृषिक मानली जाऊ लागली. २ डिसेंबर २०२० ला राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली. तिने १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरचं छोटं घर कमी जोखमीचं ठरवलं: नकाशा, मालकीचे कागद, शुल्काची पावती आणि आर्किटेक्टचा किंवा अभियंत्याचा दाखला दिला की त्याची पोच हीच परवानगी. १५० ते ३०० मीटरला दहा दिवसांत मंजुरी. अर्ज ऑनलाईन. आपल्या हिशेबातला १४० मीटरचा प्लॉट बरोबर पहिल्या खान्यात बसतो. दीडशे वर्षांनी घर बांधायची मुभा पुन्हा मालकाच्या दाराशी आलीय, फक्त पंचांच्या जागी आता लायसन्सधारक आर्किटेक्ट बसलाय.

तरी मोहन्याच्या नकाशावर दोन रेघा उरतातच. एक उल्हासची. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर पूररेषा सगळ्यांच्या तोंडी आल्या: निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत नवं घर नाही, दोन्हींच्या मधे अटींवर. नदीकाठच्या प्लॉटवर खालच्या मजल्यावर राहणारा थोरला भाऊ पाणी चढलं की धाकट्याकडे वर जातो. आडव्या वाटणीचा हा एक फायदा कोणत्याही नियमावलीत लिहिलेला नाही.

दुसरी रेघ कारखान्याची. २००९ मध्ये एनआरसीला टाळं लागलं, हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षं अडकली. पुढे ती जमीन अदानी समूहाकडे गेली, आणि २०२५ च्या सप्टेंबरात तिथल्या प्रस्तावित सिमेंट ग्राइंडिंग प्रकल्पाची जनसुनावणी झाली. आजूबाजूच्या गावांनी धुळीच्या भीतीने कडाडून विरोध केला. औद्योगिक आणि रहिवास हे दोन पट्टे आराखड्यावर वेगळ्या रंगांत छान दिसतात, पण सिमेंटची धूळ रंग बघून थांबत नाही.

आणि एक गाठ अलीकडची. नकाशावर मालक म्हणून सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा दिला, २००५ मध्ये केंद्राने तो सगळ्याच मुलींना दिला. तेव्हापासून दोन भावांच्या घराचा अर्ज दोन सह्यांवर भागत नाही. बहिणींचं हक्कसोडपत्र लागतं. वडिलोपार्जित मिळकतीत मोबदल्याविना केलेल्या हक्कसोडपत्राला अनेक वर्षं २०० रुपयांचा मुद्रांक पुरायचा, त्यामुळे दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणीला फराळानंतर रजिस्ट्रारकडे नेऊन आणायचा रिवाज पडला. आता काही बहिणी सही करायला नकार देतात आणि आपला वाटा मागतात. मग १४० मीटरच्या त्या प्लॉटवर तिसरी चूल मांडायची वेळ येते, आणि भावांनी एफएसआय आधीच दोन मजल्यांत संपवलेला असतो.